आधी कोर्ट, मग कॉलेज

भारतातल्या कुठल्याही विधी महाविद्यालयात जा. ते देशात पहिल्या क्रमांकाचे असो की कुठल्याच यादीत नसलेले, फौजदारी कायदा शिकवताना ‘तुकाराम विरुद्ध महाराष्ट्र राज्य’ हा खटला येतोच. २६ मार्च १९७२ च्या रात्री देसाईगंजच्या पोलीस ठाण्यात एका आदिवासी मजूर मुलीवर अत्याचार झाला. आरोपी त्याच ठाण्यातले दोन पोलीस. देसाईगंज, म्हणजे आपला वडसा, तेव्हा चंद्रपूर जिल्ह्यात होता. गडचिरोली जिल्हा व्हायला अजून दहा वर्षे होती. सत्र न्यायालयाने १९७४ मध्ये दोघांना सोडले, उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने शिक्षा दिली आणि १५ सप्टेंबर १९७८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने त्यांना पुन्हा निर्दोष ठरवले. पुढच्या वर्षी उपेंद्र बक्षी, लोतिका सरकार, रघुनाथ केळकर आणि वसुधा धागमवार या कायद्याच्या चार प्राध्यापकांनी सरन्यायाधीशांना खुले पत्र लिहिले. शहराशहरांत बायका रस्त्यावर उतरल्या. १९८३ मध्ये कायदा बदलला. पोलिसांच्या ताब्यात असताना संबंध आला हे सिद्ध झाले आणि आपली संमती नव्हती असे त्या बाईने न्यायालयात सांगितले, तर संमती नव्हती असेच न्यायालयाने गृहीत धरायचे, अशी तरतूद आली.

खटला त्या मुलीच्या नावानेच ओळखला जातो. ते नाव मी इथे लिहीत नाही.

एका मार्गदर्शक पुस्तिकेची प्रस्तावना या खटल्याने सुरू करायचे कारण आहे. कायदा शिकायला कुठे जावे, हा प्रश्न आपल्याकडे असा विचारला जातो की जणू कायदा दूर कुठे तरी राहतो आणि आपण इथून उठून त्याच्या गावी जायचे असते. देशातली नामांकित विद्यापीठे ज्या खटल्यावर अख्खा आठवडा घालवतात तो आपल्या वडशाचा आहे. तो घडला तेव्हा देशात एकही राष्ट्रीय विधी विद्यापीठ नव्हते आणि महाविद्यालयांना क्रमांकही कुणी दिले नव्हते. त्या मुलीचे म्हणणे पहिल्यांदा जिथे मांडले गेले आणि पहिल्यांदा जिथे फेटाळले गेले, ते जिल्ह्याचे न्यायालय होते. पहिल्या पायरीवर काय नोंदले जाते, कोणता प्रश्न विचारला जातो, कोणता राहून जातो, यावर पुढचे सगळे उभे राहते. त्या पायरीवर कोण उभे राहणार आहे, याची मला काळजी आहे. ही पुस्तिका करणाऱ्या शिक्षकांना आणि तरुण वकिलांनाही ती आहे, म्हणून हे चार शब्द लिहायला मी लगेच होकार दिला.

चंद्रपूर आणि गडचिरोलीच्या कोर्टांत तीस वर्षे काळा कोट घातल्यावर एक गोष्ट मी नेमाने पाहतो. मे-जून आला की ओळखीचा कुणी ना कुणी मुलाला किंवा मुलीला घेऊन घरी येतो. कधी ब्रह्मपुरीचे शिक्षक, कधी आरमोरीचा दुकानदार, कधी कोरचीकडून पहाटेची एस.टी. धरून आलेली एखादी आई. चहा होतो आणि मग पहिलाच प्रश्न, “साहेब, हे कॉलेज कितव्या नंबरचं आहे?” मोबाईलवर यादी उघडलेली असते. आईला ती वाचता येत नाही, पण यादीत वर असलेले ते चांगले, एवढे तिला कुणीतरी सांगितलेले असते. या प्रश्नाला हसण्यासारखे काही नाही. ज्या घरात पिढ्यान्‌पिढ्या कुणी कॉलेजची पायरी चढले नाही, त्या घराला कॉलेज पारखायला दुसरे कोणते माप आहे? शेजारी विचारावे तर शेजारीही तेवढाच अनभिज्ञ. आकडा निदान सगळ्यांना सारखा दिसतो.

तेव्हा आधी हा आकडा कसा तयार होतो ते पाहू. केंद्र सरकारने २०१५ मध्ये एनआयआरएफ ही क्रमवारीची पद्धत जाहीर केली. पहिली यादी २०१६ मध्ये आली आणि कायद्याच्या संस्थांची वेगळी यादी २०१८ पासून निघू लागली. तेव्हापासून बंगळुरूच्या नॅशनल लॉ स्कूलने पहिला क्रमांक सोडलेला नाही. मोजमाप पाच अंगांनी होते: शिकवणे आणि त्यासाठीची साधने, संशोधन व व्यावसायिक काम, विद्यार्थ्यांचे निकाल आणि पुढची वाटचाल, समाजाच्या वेगवेगळ्या थरांना मिळणारा प्रवेश, आणि संस्थेविषयीचे जनमत. बरेचसे आकडे संस्था स्वतः भरून देतात. देशात कायदा शिकवणाऱ्या संस्था दीड हजारांहून जास्त आहेत. यादीत नाव छापले जाते ते चाळीसेकांचे. म्हणजे यादीत नाव नाही याचा अर्थ एवढाच, की ती संस्था त्या चाळिसांत नाही. ती एक्केचाळिसावी आहे, हजारावी आहे की तिने अर्जच भरला नाही, हे यादी सांगत नाही.

संशोधन मोजायचे म्हणजे मुख्यतः छापून आलेले शोधनिबंध मोजायचे. एखादे प्राध्यापक दर शनिवारी मुलांना घेऊन गावात जातात, वनहक्काचे दावे तपासतात, पण त्यावर इंग्रजीत निबंध लिहीत नाहीत. त्यांचे काम या हिशेबात येत नाही. जनमत म्हणजे कुणाचे मत? प्राध्यापकांना आणि नोकरी देणाऱ्यांना विचारले जाते. सिरोंचाच्या पक्षकाराला कुणी विचारत नाही, की बाबा, तुझा वकील बरा निघाला का? वरच्या दोन-चार संस्थांचे वेगळेपण खरे आहे आणि ते नाकारणे हा अडाणीपणा ठरेल. पण यादीत खाली उतरत गेले की लागोपाठच्या संस्थांतले गुणांचे अंतर फार थोडे राहते. यंदा अठराव्या क्रमांकावरची संस्था पुढच्या वर्षी चोविसाव्या क्रमांकावर गेली, तरी तिथले वर्ग, तिथले शिक्षक आणि तिथली खानावळ बहुतेक तीच असते. अशा सहा क्रमांकांसाठी बापाने एकर विकू नये.

ज्या देशातून हे क्रमवारीचे वेड जगभर पसरले, तिथलेही पाहा. अमेरिकेत ‘यू. एस. न्यूज’ची लॉ स्कूलची क्रमवारी गेली तीन-साडेतीन दशके विद्यार्थ्यांच्या निवडीवर राज्य करते आहे. तिच्यात येल विद्यापीठाचे लॉ स्कूल वर्षानुवर्षे सर्वांत वर होते. नोव्हेंबर २०२२ मध्ये याच येलने जाहीर केले की आम्ही यापुढे या क्रमवारीत भाग घेणार नाही; पाठोपाठ हार्वर्डनेही तेच सांगितले. त्यांची मुख्य तक्रार अशी होती की जे विद्यार्थी कमी पगाराच्या लोकहिताच्या कामाकडे वळतात, त्यांच्यामुळे संस्थेचे गुण कमी होतात. आणि गरजेप्रमाणे शिष्यवृत्ती देण्यापेक्षा परीक्षेतल्या गुणांमागे पैसा लावणाऱ्या संस्थेला फायदा मिळतो. पहिला नंबर हातात असताना ते हे बोलले, म्हणून मी ते इथे नोंदवतो. आपल्याकडच्या मुलाला तर हे जास्तच लागू आहे. धानोऱ्याला परत येऊन ग्रामसभेचे काम करणारा वकील कुठल्याही संस्थेच्या सरासरी पगाराचा आकडा खालीच आणणार.

एवढे वाचून कुणी म्हणेल, म्हणजे क्रमांक सोडून द्यावा? तसे मी म्हणणार नाही. माझ्या व्यवसायातली काही मंडळी भाषणात मुलांना सांगतात, “कॉलेजने काही होत नाही, माणसात दम पाहिजे,” आणि स्वतःच्या मुलांसाठी मात्र बारावीच्या दोन वर्षे आधीपासून क्लॅट या विधी प्रवेशपरीक्षेची शिकवणी लावतात. गरिबाच्या मुलाला ‘क्रमांकाला महत्त्व नाही’ असे सांगणे हा त्याच्यावर अन्याय आहे.

क्रमांकामागे जे उभे असते ते खरे असते. मुंबई-दिल्लीच्या मोठ्या लॉ फर्म मुले निवडायला मोजक्याच विद्यापीठांत जातात. सर्वोच्च न्यायालयात न्यायमूर्तींचे विधी लिपिक म्हणून काम करण्याची वाट तिथून जवळ पडते. सोबतची मुले तयारीची असतात आणि सोबतीने माणूस घडतो. काही ठिकाणी तर क्रमांक हीच अट असते: राज्य सरकारच्या राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्तीसाठी परदेशातले विद्यापीठ क्यूएस या जागतिक क्रमवारीत पहिल्या २०० मध्ये असावे लागते. तिथे अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्याने क्रमवारीवर टीका करून काय उपयोग? त्याने यादी पाहूनच अर्ज करावा.

याहून मोठी एक गोष्ट आहे आणि ती कळायला मला बरीच वर्षे लागली. आपल्या भागातून मोठे झालेल्या कायदेपंडितांची नावे आपण अभिमानाने सांगतो. बॅरिस्टर राजाभाऊ खोब्रागडे चंद्रपूरचे. लंडनला जाऊन बॅरिस्टर झाले, राज्यसभेचे उपसभापती झाले. १६ ऑक्टोबर १९५६ ला बाबासाहेबांनी चंद्रपुरात धम्मदीक्षा दिली, त्यामागे राजाभाऊंची मेहनत होती. सर्वोच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती विकास सिरपूरकर यांचे सुरुवातीचे शिक्षण चंद्रपुरात झाले आणि कायदा ते नागपूरला शिकले. शरद बोबडे नागपूर विद्यापीठातून आणि भूषण गवई अमरावतीतून कायदा शिकून सरन्यायाधीशाच्या खुर्चीपर्यंत पोहोचले. या नावांची माळ ओढून ‘पाहा, क्रमांकाशिवायही होते’ असे सांगितले जाते. मीही पूर्वी सांगायचो.

आता सांगत नाही. बोबडे यांचे वडील राज्याचे महाधिवक्ता होते. सिरपूरकर यांच्या घरी आई-वडील दोघेही वकील. गवई यांचे वडील, रा. सू. गवई, रिपब्लिकन चळवळीचे नेते आणि पुढे राज्यपाल. या तिघांचे कर्तृत्व त्यामुळे कमी होत नाही. पण घरात कायद्याची किंवा सार्वजनिक जीवनाची बैठक होती, हे लपवून त्यांचे उदाहरण देणे बरोबर नाही. ज्याच्या घरात वकील आहे त्याला चेंबर मिळते, पुस्तके मिळतात, पहिली वकीलपत्रे मिळतात आणि “हा अमक्याचा मुलगा” ही ओळख मिळते. कुरखेड्याच्या मजुराच्या मुलीला यातले काही नाही. तिच्यासाठी मोठ्या विद्यापीठाचे नाव ही ओळखचिठ्ठी असते. क्रमांकाची गरज वकिलाच्या मुलापेक्षा तिला जास्त आहे.

आणि तिलाच तो मिळवणे सर्वांत अवघड आहे. राष्ट्रीय विधी विद्यापीठांची क्लॅट ही परीक्षा २००८ पासून होते आणि ती इंग्रजीतच होते. खुल्या प्रवर्गासाठी नुसत्या अर्जाचे शुल्क ४,००० रुपये, अनुसूचित जाती-जमातींसाठी ३,५००. आणि आत गेल्यावर वर्षाचा खर्च लाखांत. आश्रमशाळेतून मराठीत शिकलेली आणि घरी गोंडी किंवा माडिया बोलणारी मुलगी तिसऱ्या भाषेतला लांबलचक उतारा घड्याळ लावून वाचते. तिचे गुण कमी पडले तर त्यात तिच्या बुद्धीचे माप किती आणि भाषेचे किती? शमनाद बशीर या कायद्याच्या प्राध्यापकाने नेमके हे ओळखून २०१० मध्ये ‘आयडिया’ नावाचा उपक्रम सुरू केला; वंचित घरांतल्या मुलांना हेरायचे, क्लॅटसाठी तयार करायचे आणि आत गेल्यावरही वाऱ्यावर सोडायचे नाही. बशीर २०१९ मध्ये गेले. असे काम या दोन जिल्ह्यांत गावोगाव व्हायला हवे.

नागपूरजवळ वारंग्याला महाराष्ट्र राष्ट्रीय विधी विद्यापीठ आहे आणि राज्यातल्या रहिवाशांसाठी तिथे जागा राखीव असतात. आपल्या किती मुलांना हे अकरावीत माहीत असते? बहुतेकांना कळते तेव्हा अर्जाची तारीख उलटलेली असते. पुस्तिकेतले तारखांचे पान म्हणूनच सर्वांत आधी वाचावे.

दुसरी वाट राज्याच्या सीईटीची. ती परीक्षा मराठीतही देता येते. बारावीनंतर पाच वर्षांचा आणि पदवीनंतर तीन वर्षांचा अभ्यासक्रम तिच्यातून मिळतो. चंद्रपूरला शांताराम पोटदुखे विधी महाविद्यालय आहे. या भागाचे चार वेळा खासदार आणि केंद्रात अर्थ राज्यमंत्री राहिलेल्या पोटदुखेंचे नाव त्याला आहे. २०११ मध्ये गडचिरोलीला गोंडवाना विद्यापीठ झाले आणि दोन्ही जिल्ह्यांची महाविद्यालये नागपूर विद्यापीठाकडून त्याच्याकडे आली. आपल्या विद्यापीठाचे वय अजून फार नाही. शोधनिबंध आणि जनमत मोजणाऱ्या यादीत असे तरुण विद्यापीठ झटकन वर येणार नाही, आणि तोवर आपल्या मुलांनी शिकणे थांबवायचे नाही.

आता मी जे सांगायला बसलो आहे तिथे येतो. क्रमांक किती, हा प्रश्न चूक नाही. तो दुसरा प्रश्न आहे. पहिला प्रश्न असा, की तुला कोणत्या कोर्टात उभे राहायचे आहे? मुंबईच्या फर्ममध्ये करार लिहायचे असतील तर वरच्या दहांत जाण्यासाठी जिवाचे रान कर आणि एक वर्ष थांबावे लागले तरी थांब. नागपूर खंडपीठात वकिली करायची असेल तर नागपूरला शिक, म्हणजे तिसऱ्या वर्षापासून कुणाच्या तरी मागे फायली घेऊन उभे राहता येईल. आणि गडचिरोली, अहेरी, राजुरा, वरोरा इथे काम करायचे असेल, तर या कोर्टांची भाषा जिथे शिकता येईल अशी जागा शोध.

भाषा हा शब्द मी शब्दशः वापरतो आहे. महाराष्ट्रातल्या कनिष्ठ न्यायालयांची भाषा मराठी आहे. १९९८ ची तशी अधिसूचना आहे. उच्च न्यायालयाची भाषा इंग्रजी. म्हणजे आपल्या वकिलाला दोन्ही हवे: खाली मराठीत अर्ज, पुरसीस, उलटतपास आणि वर इंग्रजीत अपील. काही वर्षांपूर्वी एका नामांकित विद्यापीठातून शिकून आलेला एक हुशार मुलगा माझ्याकडे आला. घटनेच्या एकविसाव्या कलमावर तो तासभर बोलू शकत होता. पहिल्याच आठवड्यात मी त्याच्यासमोर वनजमीन कसणाऱ्या एका जबरानजोत शेतकऱ्याची फाइल ठेवली: सातबारा, निस्तार पत्रकाची नक्कल, वनखात्याची नोटीस, पंचनामा. त्याला सातबाऱ्यातला रकाना वाचता येईना आणि निस्तार म्हणजे गावाचे वहिवाटीचे हक्क, हे माहीत नव्हते. पाच वर्षांत कुणी शिकवलेच नव्हते. तो सहा महिन्यांत शिकला, कारण शिकायची सवय त्याला त्या विद्यापीठाने लावली होती. त्याच सुमाराला जवळच्याच एका महाविद्यालयातून आलेली मुलगी सातबारा डोळे मिटून वाचायची, पक्षकाराशी गोंडीत बोलायची, पण सर्वोच्च न्यायालयाचा निकाल हातात दिला की दुसऱ्या पानावर अडायची. तिला इंग्रजी निकाल वाचायला दोन वर्षे लागली. त्या दोन वर्षांत तिने तीनदा वकिली सोडायचा विचार केला. तिच्या महाविद्यालयात निकाल वाचून घेण्याचा तास कधी झालाच नव्हता. परीक्षेच्या आधी नोट्स मिळत, तेवढ्यावर पास व्हायचे. क्रमवारीत न दिसणारे हे दोष दोन्हीकडे आहेत आणि आपल्याकडचे दोष आपणच बोलून दाखवले पाहिजेत.

या दोन जिल्ह्यांतला कायदा कसला असतो? गडचिरोलीचा तीन-चतुर्थांशाहून अधिक भाग जंगल आहे. तिथे २००६ चा वनहक्क कायदा आणि आदिवासी भागातल्या ग्रामसभांना अधिकार देणारा १९९६ चा पेसा कायदा रोजच्या जगण्यात उतरलेले आहेत. चंद्रपूरकडे कोळसा खाणी, वीज केंद्र, बल्लारपूरची पेपर मिल. म्हणजे भूसंपादन, पुनर्वसन, कामगारांचे दावे. ताडोबाच्या भोवतीच्या गावांत वाघाने माणूस नेला की भरपाईचे कागद. शिवाय सगळीकडचे असते तेच: वाटणी, पोटगी, अपघात, जामीन. जामिनाचे तर विचारूच नका. आरोपीला न्यायालयाची भाषा कळत नाही, जामीनदार गावाहून यायला दोन दिवस लागतात आणि पावसाळ्यात पर्लकोटेला पूर आला की भामरागडचा रस्ताच बंद. पेशी चुकते. अशा माणसाला जो वकील भेटतो त्याचे कॉलेज कोणते, हे तो विचारत नाही.

धानोरा तालुक्यातल्या मेंढा-लेखाची गोष्ट सगळ्यांना ठाऊक आहे, पण कायदा शिकणाऱ्याने ती वेगळ्या नजरेने वाचावी. १५ ऑगस्ट २००९ रोजी या गावाला सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक वनहक्काची मान्यता मिळाली. मर्दा गावासोबत ही देशातली अगदी पहिली मान्यता. तरीही बांबू विकायला वाहतुकीचा परवाना ग्रामसभेला मिळेना. भांडण चालूच राहिले आणि शेवटी एप्रिल २०११ मध्ये केंद्रीय मंत्री आणि मुख्यमंत्री गावात आले, परवान्याचे पुस्तक ग्रामसभेच्या हाती आले. यामागे गावचे नेते देवाजी तोफा होते, कार्यकर्ते मोहन हिराबाई हिरालाल होते आणि गावाचा अभ्यास गट होता. अभ्यास गट म्हणजे काय, तर गावातली माणसे ठरवून एकत्र बसायची, कायद्याचे कलम वाचायची, त्याचा आपल्या जंगलाशी काय संबंध ते बोलायची आणि एकमत होईपर्यंत निर्णय घ्यायची नाहीत. त्या गटाला कुणी क्रमांक दिला नाही. पण कलम वाचून ते जमिनीवर कसे उतरवायचे, हे जर कायद्याचे शिक्षण असेल, तर ते तिथे चालू होते. भामरागडचे लालसू नोगोटी माडिया समाजातले पहिले वकील म्हणून ओळखले जातात. २०१७ मध्ये ते जिल्हा परिषदेवर निवडून गेले. अशी माणसे अजून बोटांवर मोजण्याइतकी आहेत.

महाविद्यालय पारखताना काय विचारावे, याची तपशीलवार पाने आत आहेत. मी माझ्यापुरते सांगतो. बार कौन्सिल ऑफ इंडियाची मान्यता चालू आहे का, हे आधी पाहा. ते नसेल तर बाकीचे बोलणेच नको. मग कार्यालयात न जाता शेवटच्या वर्षाच्या विद्यार्थ्यांना गाठा. कालच्या दिवशी किती तास झाले, एवढेच विचारा. ग्रंथालयात जाऊन निकालपत्रांचे खंड हाताळलेले दिसतात की धूळ खातात ते पाहा. विधी साहाय्य केंद्राची पाटी सगळीकडे असते. गेल्या महिन्यात केंद्रातून कोण कोणत्या गावी गेले ते विचारा. शुल्क सांगताना वसतिगृह, खानावळ, परीक्षा शुल्क धरून शेवटचा रुपया लिहून घ्या आणि मग शिष्यवृत्ती हातात कधी पडते ते मागच्या वर्षीच्या मुलांकडून समजून घ्या, कारण ती बहुधा उशिरा पडते आणि शुल्क मात्र वेळेवर मागितले जाते.

पदवीनंतरचा हिशेबही आताच करावा. वकिलीसाठी बार कौन्सिलची अखिल भारतीय परीक्षा सगळ्यांना एकच. बंगळुरूच्या पदवीधराला वेगळी आणि चंद्रपूरच्या पदवीधराला वेगळी, असे नाही. सनदेच्या नोंदणीसाठी राज्यांच्या बार कौन्सिल पूर्वी वाटेल तेवढे पैसे घेत. ३० जुलै २०२४ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की कायद्यात लिहिलेल्या रकमेपेक्षा, म्हणजे ७५० रुपये आणि अनुसूचित जाती-जमातींसाठी १२५ रुपये, याहून जास्त घेता येणार नाही. कुणी जास्त मागितले तर हा निकाल दाखवा. न्यायाधीश व्हायचे असेल त्यांनी दुसरी तारीख लक्षात ठेवावी: २० मे २०२५. त्या दिवशी सर्वोच्च न्यायालयाने दिवाणी न्यायाधीश, कनिष्ठ स्तर या पदासाठी तीन वर्षांच्या वकिलीची अट पुन्हा आणली. पदवी हातात पडल्याबरोबर परीक्षा देऊन न्यायाधीश होण्याचा रस्ता आता बंद आहे. ती तीन वर्षे कुणाच्या हाताखाली, कोणत्या कोर्टात आणि कोणाच्या खर्चाने काढायची, हा प्रश्न महाविद्यालयाच्या क्रमांकापेक्षा मोठा झाला आहे. पहिल्या पिढीच्या वकिलाची पहिली तीन वर्षे जवळजवळ उपाशी असतात. माझ्या व्यवसायातल्या ज्येष्ठांना माझी विनंती आहे, की आपल्या हाताखालच्या ज्युनिअरला महिन्याला काहीतरी ठरलेली रक्कम द्या. त्याने येण्याजाण्याच्या एस.टी.चे पैसे घरून मागावेत, हे आपल्याला शोभत नाही.

शिक्षकांनाही एक सांगायचे आहे. वर्गातली जी मुलगी हुशार आहे, वाचते, प्रश्न विचारते, तिला ‘इथेच राहा, समाजाची सेवा कर’ असे लवकर सांगू नका. तिला बंगळुरूला, दिल्लीला, हैदराबादला जाऊ द्या. परत यायचे की नाही ते तिला ठरवू द्या. आपण फक्त परतीची वाट उघडी ठेवायची. आणि ज्याला घरच्या अडचणीमुळे जवळच शिकावे लागते, त्याच्या मनात आपण दुय्यम आहोत ही भावना रुजू देऊ नका. मी माझ्या कोर्टात जी चांगली उलटतपासणी ऐकली आहे, तिच्यातली बरीचशी यादीत नाव नसलेल्या महाविद्यालयांतून आलेल्या वकिलांची होती.

ही पुस्तिका वाचणाऱ्या मुलामुलींनो, पसंतीक्रमाचा अर्ज भरण्याआधी एक दिवस काढा. तुमच्या तालुक्याच्या किंवा जिल्ह्याच्या न्यायालयात सकाळी अकराच्या सुमाराला जा. न्यायालय खुले असते. मागच्या बाकावर शांत बसून ऐकायला कुणाची परवानगी लागत नाही. दिवसभर बसा. कोण बोलते, कोण गप्प राहते, कुणाला काय विचारले ते कळत नाही, कोणत्या वकिलाची पक्षकार वाट पाहतो, हे बघा. संध्याकाळी घरी या आणि मग यादी उघडा.